होडीवरचा कोयता

हिराजी तांडेलानं जाळ्याच्या दोरावर कोयता टेकवला. जाळं पापलेटांनी गच्च भरलेलं. ओढून घ्यायला तासभर लागला असता. नैर्ऋत्येला आभाळ काळवंडलं होतं. वादळ येईल की विरेल, त्यालाही ठाऊक नव्हतं. होडीत आठ पोरं आहेत, एवढंच ठाऊक होतं.

"तांडेल, जरा थांबा!" खलाशी गयावया करत होते. त्यानं दोर कापला.

बंदरात पोचेपर्यंत लख्ख ऊन पडलं. किनाऱ्यावर लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. मालकानं होडी हिराजीच्याच हाताखालच्या दामाकडे दिली. पहिल्याच फेरीला निघताना दामानं होडीवरचा कोयता हिराजीच्या अंगणात टाकला. "काका, ह्यो तुमीच ठेवा. आमाला नाय लागनार."

आज नैर्ऋत्य पुन्हा तशीच काळी झाली आणि विरली नाही. बाकीच्या होड्या परतल्या, दामाची नाही. तेव्हा सर्वांत मोठ्यानं हसलेल्या बायकाच आता हिराजीच्या दारात आल्या.

"तांडेल, त्यानं जाळं कापलं असंल ना?"

हिराजीनं अंगणातला कोयता पायानं हळूच खाटेखाली सारला.

"कापलं असंल," तो म्हणाला.