फितीची साक्ष

"वळण… अजून वळण… आता सरळ!" गोळी ओरडली, आणि चिमणीने सरळ मुसंडी मारली. दोघींच्या मनगटांना बांधलेली वीतभर दोरी ताणली गेली. पुढे एकच जोडी उरली होती, आणि तिच्याही तोंडाला फेस आला होता.

गोळी नववीतली. पळण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. चिमणी अंधशाळेतली, वर्षाने धाकटी. तिचं नाव अखंड चिवचिवाटामुळे पडलेलं. त्या वर्षी शाळेने नववीला तीन गोष्टी सक्तीच्या केल्या होत्या: एक आवडीचा विषय, एक खेळ आणि एक समाजसेवा. आवडीचा विषयही सक्तीचा होता. बाकीची मुलं झाडापाशी झारी धरून फोटो काढून घेत होती. झाड बहुधा एकच होतं. गोळीने एका दगडात तीन पक्षी मारले. चिमणीची वाटाडी होऊन पळायचं, म्हणजे खेळही झाला आणि सेवाही. विषय घेतला वक्तृत्व. "मी तिचे डोळे झाले" हे भाषण शर्यतीआधीच तोंडपाठ होतं. शेवटच्या वाक्याआधी थांबून आवंढा गिळायचा, हेसुद्धा आरशासमोर बसवून झालं होतं.

नियम पीटीच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला. "पळणारी ती. तू नुसती सावली. रेषा आधी ती ओलांडणार, मग तू. तू आधी गेलीस की दोघी बाद. सावली माणसाच्या आधी घरात शिरत नसते."

"सूर्य पाठीमागे असला तर शिरते म्हणे, सर," चिमणी म्हणाली. "मी ऐकलंय."

"तू गप्प बस," सर म्हणाले, आणि हसू लपवायला त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

सरावानंतर दोघी पायऱ्यांवर बसून बूट काढायच्या. चिमणीचे प्रश्न बुटांच्या नाड्यांसारखे, एक सोडवावा तर दुसरा तयार. एकदा तिने विचारलं, "ताई, ती शेवटची फीत लागते तेव्हा नक्की कसं वाटतं?"

"काही नाही गं. छातीला जरा गुदगुल्या होतात. मग ती सुटते आणि अंगाला चिकटते."

"मला ती लागायला हवी."

"बक्षीस मिळेल की. फितीचं काय एवढं?"

"तसं नाही. आम्हाला सगळेच सांगतात, पहिली आलीस, पहिली आलीस. मी एकदा वाटेत पडले होते, तरी पहिली आले होते." चिमणी खुदकन हसली. "लोक वाईट नसतात गं. त्यांना आमची दया येते. फितीला येत नाही."

आणि आता फीत समोर होती. दोन मुलांनी दोन टोकांना धरलेली, लाल. पुढची जोडी मागे पडली. "कुणी नाही पुढे! पळ!" गोळी किंचाळली. चिमणी पळाली. मान ताठ, छाती पुढे, सांगितलं होतं अगदी तशी. सारं मैदान उभं राहिलं, टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांनीच घात केला. फीत दिसली, टाळ्या कानावर आल्या, की गोळीचं अंग तिला विचारत नसे. इतकी वर्षं ते एकच शिकलं होतं. शेवटच्या दोन ढांगांत तिने खांदे पुढे टाकले, मान झोकली आणि फीत तोडली. दोरीने ओढली जाऊन चिमणी तिच्यामागून रेषेपार आली.

टाळ्या मधेच विरल्या. रेषेवरच्या पंचांनी गोळीकडे बघून दोन्ही हातांची फुली केली. तोंडाने मात्र ते काही बोलले नाहीत. चिमणीसमोर कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असावं. पलीकडे पीटीचे सर शिट्टी पुसत होते. ती स्वच्छच होती.

चिमणी धापा टाकत उभी होती. छाती अजून पुढेच.

"ताई, आलो?"

"आलो."

"कितव्या?"

गोळीने फुली केलेल्या हातांकडे पाहिलं. मग चिमणीकडे पाहिलं. भाषणात जिथे गिळायचा ठरवला होता तो आवंढा आत्ताच, आपला आपण आला.

"पहिली आलीस," ती म्हणाली.

"मग फीत कशी नाही लागली?"

"लावलीच नव्हती या वेळी. संपल्या होत्या म्हणे."

चिमणीला गप्प झालेलं गोळीने प्रथमच पाहिलं. चिमणीने दोरी चाचपली. दोरीवरून गोळीचं मनगट, मनगटावरून कोपर, कोपरावरून खांदा, असा तिचा हात सावकाश वर सरकत गेला. गोळीला मागे सरता येईना. दोरी वीतभरच होती. खांद्यावर बोटं थांबली. तिथे घामाने चिकटलेलं काहीतरी चिमणीने हळूच सोडवलं, बोटांमधून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिलं आणि नीट घडी करून गोळीच्या हातात ठेवलं.

"ताई, हे तुझ्या अंगाला लागलं होतं."