पलीकडच्या घाटावरचे अण्णा

माणूस फक्त एका जगात मरतो, इतर जगांत तो सुखरूप असतो, हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे. कावळ्यांना मात्र हे कोणी कळवलेले नाही.

अण्णांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, घर विकणार नाही, असे सगळे शब्द हेरंबने देऊन पाहिले. शेवटी गुरुजींनी मोबाइल काढला. "पलीकडच्या जगातल्या अण्णांनाच विचारू, काय इच्छा राहिली ते. पण ते म्हणजे आपले अण्णा नव्हेत हं."

पडद्यावरच्या धुक्यातून हाच घाट वर आला, हीच नदी. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत अण्णा एका पिंडासमोर बसले होते.

"अण्णा, तुम्ही कोणाचं करताय?"

"तुझंच रे. कधीचा बसलोय. तुझं काय राहिलंय, बाळा?"

"तुमच्याशी बोलायचं राहिलं."

"मग स्कूटर मला न विचारता का विकलीस?"

अबोला तेव्हापासूनचा होता. म्हणजे तिथेही ती त्यानेच विकली होती.

"चुकलं, अण्णा."

"असू दे. तशीही चालू होत नव्हती."

दोघे बोलत राहिले. दोन्ही नद्या एकच असल्यासारख्या संथ वाहत राहिल्या.

कावळा कुठेच शिवला नाही. शेवटी दोन्हीकडे दर्भाचा कावळा करून उरकले.