तिसरी जागा

"तीन फोनवाला काहून घेऊन राहिली, आई? आता आपण दोघीच," धरमपेठेतल्या दुकानात गार्गी म्हणाली.

तरी मी तीन जागांचाच बिनतारी चार्जर घेतला. ह्यांना जाऊन चार महिने झाले, पण माझा हात अजून कणीकही तिघांचीच भिजवतो.

दुकानदाराने समजावलं, फोन ठेवला की दिवा लाल, पूर्ण भरला की हिरवा, आणि उचलला की विझतो.

सकाळी आमचे दोन फोन ठेवले, तर तिसऱ्या, रिकाम्या जागेचाही दिवा लाल झाला.

"पीस खराब आहे. परत करते," गार्गी म्हणाली.

मी ती जागा पदराने पुसून पाहिली. फोनखालची असते तशीच कोमट लागली. ह्यांचा फोन तर कपाटात बंद पडलाय.

पावणेनऊला दिवा हिरवा झाला. गार्गीने खोकं आणलं आणि वायरीला हात घातला.

"थांब नं वं, दहा मिनिटं," मी म्हणाले.

हे रोज नऊला पाच कमी असताना फोन उचलून ऑफिसला निघायचे. गार्गीलाही ते आठवलं असावं, कारण तिने हात मागे घेतला.

घड्याळात नऊला पाच कमी झाले आणि दिवा विझला.