बडोद्याची मुलाखत

टपाल अकराला यायचं. चंद्रकांत बाविस्कर साडेदहापासूनच गॅलरीत उभे होते, पण खालून दिसणार नाही अशा बेतानं, वाळत घातलेल्या चादरीमागे.

खाली सुकदेव पोस्टमननं सायकल लावली. तळमजल्यावरचे पंडित पाटील बाहेर आले. दोघं काहीतरी बोलले. पंडितनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. सुकदेव तीन घरांत टपाल देऊन निघून गेला. जिन्याकडे फिरकलासुद्धा नाही.

"बघितलंस?" चंद्रकांत आत येऊन मुलीला म्हणाले. "आजही नाही."

तेजस्विनी वरण ढवळत होती. "येईल, बाबा."

"येईल कसं? येऊ देतील तेव्हा ना!"

तिनं गॅस बारीक केला.

मानसशास्त्रात एम.ए. करायचं म्हणून तिनं मे महिन्यात पुणे, मुंबई आणि बडोदा अशा तीन ठिकाणी अर्ज केले होते. फॉर्म चंद्रकांतनीच भरले होते, बँकेतल्या सवयीच्या वळणदार अक्षरात. आता शहाण्णव सालचा जुलै संपत आला होता. पंडितच्या गायत्रीनंही बडोद्याला अर्ज केला होता. तिला पत्र आलं, इथून, उधन्याहून, सामान हलवून ती हॉस्टेलवर राहायलाही गेली. मार्क मात्र तेजस्विनीपेक्षा कमी.

तिथंच चंद्रकांतना सगळं लक्षात आलं होतं. जागा मोजक्या. एकीचं पत्र दाबलं की दुसरीचा नंबर लागतो.

बायको, अलका, घरी असती तर तिच्याशी बोलता आलं असतं. पण ती होळीपासून धुळ्याला भावाकडे होती. बँकेतही हल्ली जायचं नव्हतं. मॅनेजर स्वतःच म्हणाले होते, बाविस्कर, थोडे दिवस आराम करा. त्यामुळे लक्ष ठेवायला वेळच वेळ होता.

आणि लक्ष ठेवण्यासारखं बरंच होतं. चंद्रकांत दूध आणायला निघाले की पंडितच्या दाराला फट पडायची. जिन्यातलं बोलणं ते आले की थांबायचं. एकदा पंडितच्या बायकोनं, शोभाबाईंनी, तेजस्विनीला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं ती वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली ती? धमकावलं का तुला?"

"नाही हो. चहा प्यायले."

"तू घाबरू नकोस. मी आहे ना."

"हो, बाबा. तुम्ही आहात."

त्या दिवसापासून खालून आलेली भाजीची वाटी त्यांनी तशीच मोरीत ओतायला सुरुवात केली. माणसं कुठल्या थराला जातील, सांगता येत नाही.

शुक्रवारी त्यांनी सुकदेवला जिन्यात गाठलं.

"पिशवी उघड."

"काका, सरकारी टपाल आहे. असं नका करू."

"माझ्या पोरीचं पत्र आहे त्यात."

"ताईंचं पत्र मागेच दिलं मी. त्यांच्याच हातात दिलं, काका. आईची शपथ."

खोटं बोलणारा माणूस आधी आईला मध्ये आणतो, हे चंद्रकांतना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीचा पट्टा हिसकला. टपाल पायऱ्यांवर विखुरलं. सुकदेव भिंतीवर आपटला आणि त्याच्या भुवईवरून रक्ताची धार लागली. पंडित धावत आले. त्यांनी मागून चंद्रकांतचे दोन्ही हात आवळले आणि कानाशी इथल्या गुजराती सवयीनं म्हणाले, "बस झालं, दादा. शांती राखो."

आवाज अगदी मऊ होता. चंद्रकांतच्या अंगावर काटा आला.

तेजस्विनी अनवाणीच खाली पळत आली. तिनं ओढणीनं सुकदेवचं रक्त पुसलं, पाया पडून माफी मागितली, एकेक पत्र गोळा करून दिलं. बापाकडे तिनं पाहिलंच नाही. मग तशीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. परत आली तेव्हा चेहरा कोरडा होता.

"सोमवारी बडोद्याला बोलावलंय," ती म्हणाली. "तुम्हीही चला. त्यांना तुम्हालाही भेटायचंय."

चंद्रकांतनी मोठा श्वास सोडला. पोरगी हुशार. फोनवर पंडितचा हात पोचत नव्हता.

सोमवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत गुणपत्रिकांची फाइल छातीशी धरून बसले. डबा बदलून दोनदा मागे पाहिलं, कोणी आलेलं नव्हतं. तेजस्विनी खिडकीबाहेर बघत होती.

इमारत जुनी, दगडी होती. लांबलचक व्हरांडे, शांतता. साहेबांनी आधी त्यांनाच आत बोलावलं.

"मुलाखत तर तिची आहे," चंद्रकांत म्हणाले.

"तिच्याशीही बोलू. तुम्ही सांगा, पत्रं कधीपासून अडवतायत?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी नीट विचारलं होतं. चंद्रकांत तासभर बोलत राहिले. पंडित, शोभाबाई, भाजीची वाटी, बँकेतली माणसं. साहेब मध्ये एक शब्द बोलले नाहीत. सगळं लिहून घेत होते.

मग तेजस्विनी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं नुसती मान हलवली.

"घेतलं?"

"हो, बाबा. घेतायत."

त्यांना भरून आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते तिच्यासोबत खिडकीपाशी गेले. कारकुनानं रजिस्टर उघडलं.

"दाखल करायचंय त्यांचं पूर्ण नाव?"

"तेजस्विनी चंद्रकांत बाविस्कर," चंद्रकांत मोठ्यानं म्हणाले.

कारकुनानं लिहिलं नाही. तो तिच्याकडे बघत थांबला.

"चंद्रकांत दौलत बाविस्कर," ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली. "वय बावन्न. मी मुलगी. सही मीच करणार."