बाबेटचं शेवटचं प्रभुभोजन

"तू प्रभुभोजन नाही घेतलंस तर मीही घेणार नाही," बाबेट उशीवरून म्हणाली. "मरेन मग अशीच. बघ बाबा."

तिच्या नवऱ्याचा, लोरेन्झ मास्तरांचा चेहरा पडला. आजाऱ्याच्या उशाशी घरच्यांनीही प्रभुभोजन, म्हणजे पाद्रींच्या हातून येशूच्या नावाची पवित्र भाकर घ्यायची, ही त्यांच्या जर्मन खेड्यातली रीत. पण देव माणसानंच आपल्या भीतीतून आणि आशेतून घडवला, असं मास्तर उघड सांगत. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं शाळेच्या नोकरीतच आलं, तेवढं करत, पण प्रभुभोजन? नाव नको. शेवटी ट्राउटमान पाद्रींनी बजावलं, ईस्टरपर्यंत घ्या, नाहीतर शाळा आणि शाळेचं घर दोन्ही सोडा.

"खुशाल सोडेन," मास्तर म्हणाले होते. "ढोंग नाही करणार."

दुसऱ्याच दिवशी बाबेटनं अंथरूण धरलं. डॉक्टर नको म्हणाली. जेवण तर बंदच. त्यात फडताळातलं सॉसेज मेल्या मांजरानं पळवलं, तेवढंही तिच्या पोटात गेलं नाही.

आता बायको मरायला टेकल्यावर कसली तत्त्वं घेऊन बसायचं?

"बोलावतो पाद्रींना," मास्तर म्हणाले.

पाद्री आले. "आलात ना वळणावर, मास्तर?" म्हणाले. पवित्र भाकरीची पातळ, पांढरी चकती त्यांनी आधी तिच्या, मग मास्तरांच्या जिभेवर ठेवली. मास्तरांनी डोळे मिटून गिळली. बाबेटला खोकल्याची उबळ आली. तिनं उशीखालचा रुमाल तोंडाला लावला.

"शाळा तुमचीच," जाताना पाद्री म्हणाले.

दार लागलं तशी बाबेट उठून बसली. "भूक लागलीय रे. बटाटे टाक उकडायला."

मास्तर बघतच राहिले. गालांवर लाली, आवाज खणखणीत. वाचली! बाबेट वाचली! त्यांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते मटकन गुडघ्यांवर बसले.

"मी चुकलो गं. इतकी वर्षं उगाच अक्कल पाजळली. तो आहे, बाबेट! त्यानंच तुला..."

"अरे देवा, हे काय नवीन!" बाबेटनं कपाळावर हात मारला. "ऊठ आधी."

तिनं रुमाल झटकला. पांढरी चकती गादीवर पडली, ओलसर, पण अख्खीच्या अख्खी. आणि तिच्यासोबत सॉसेजचं साल.