नवा गाल

सदुसष्ट साली पुण्याच्या दवाखान्यात मदिनाचा कॅन्सरने सडलेला जबडा काढला आणि छातीवरचं कातडं वळवून नवा गाल केला. त्याच छातीवर तिचा तान्हा मुलगा निजायचा. तो आदल्या वर्षी गेला होता.

यवतला परतल्यावर रोज दुपारी तो गाल उबदार व्हायचा आणि मदिना मान कलती करून हळूहळू डुलायची.

"गाल फुगलाय. उद्या डॉक्टर जादा कातडं कापणार हायेत," नवरा सत्तार म्हणाला.

"नगं. आत्ताच निजलाय त्यो," ती अडखळत म्हणाली. तिचे दोन्ही हात परातीतल्या पिठात होते.

"येडी हायेस. सकाळच्या एस्टीनं जायचंय."

सत्तारच्या देखत त्या गालावर बारीक नखांचे ओरखडे उमटू लागले. आईपासून ओढून काढताना लेकरू धरून राहतं, तसे.