ओला रंग

“हे कापड कोणी टाकलं?”

चित्रकार सदरा बदलून कलादालनात परतला, तर मधल्या भिंतीवरच्या त्याच्या चित्रावर पांढरी चादर. नुसती टाकलेली नव्हे, चौकटीवर ताणून मागे चिकटपट्टीनं गच्च बसवलेली. शेजारी दालनाचे व्यवस्थापक घाम पुसत उभे.

“महापौरबाई उद्घाटनाला एवढ्यात येतील. त्या जाईपर्यंत राहू द्या. समजून घ्या ना जरा.”

“समजून घेण्यातच पन्नाशी उलटली माझी,” चित्रकार म्हणाला. “आणि साहेब, रंग ओला आहे!”

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. तैलरंगाचे इतके जाड थर आठवडाभरात वाळत नाहीत, हे घाबरण्याच्या नादात ते विसरूनच गेले होते.

चादरीखाली दोन पुरुष होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर त्याचे जोडीदार मास्तर, आणि मागे उभं राहून त्यांच्या केसांना कलप लावणारा चित्रकार स्वतः. दोघांच्या वीसेक वर्षांच्या संसारातली एक साधी सकाळ. आजवर चित्रकारानं दोन कप रंगवले, दोन उशा, दोन छत्र्या. अशा जोडप्यांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या मोर्चात तो घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा, फलकही तोच रंगवायचा. पण कॅनव्हासवर माणसं आणायला हात धजत नव्हता. या खेपेला धजला. मास्तरांनी कुरकुर केली ती एवढीच, की आपण कलप लावतो हे आता गावभर होणार.

तेच मास्तर पुढे झाले. “काढ ती चादर.”

“सगळं फिसकटलं असेल रे.”

“फिसकटलेलं तर फिसकटलेलं. पण दिसू दे.”

तेवढ्यात दारात गडबड उडाली. महापौरबाई आत आल्या, मागे माणसांचा लोंढा. व्यवस्थापक मध्ये पडायला धावले, पण तोवर एका बाजूनं चित्रकारानं आणि दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी चिकटपट्ट्या सोडवल्या होत्या. दोघांनी अलगद चादर सोलून काढली.

चित्र वाचलं होतं. वरचा रंग जरा निघून आला होता, मास्तरांचा कान थोडा पसरला होता, इतकंच. चित्रकाराच्या जिवात जीव आला.

“अहो, चादर बघा!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

दोघांनी चादर उलटून ताणून धरली. तिच्यावरही तेच दोघे उमटले होते, फक्त बाजू बदलून. वाकलेली मान, केसांतली बोटं, स्टुलाचे पाय, सगळं.

महापौरबाई एकदा भिंतीकडे, एकदा चादरीकडे बघत राहिल्या. “दोन-दोन चित्रं काढलीत?”

“मी एकच काढलं, बाई. दुसरं यांचं,” चित्रकारानं व्यवस्थापकांकडे बोट दाखवलं.

सगळ्यात आधी बाईच हसल्या. मग दालनभर हशा पिकला आणि हशातूनच टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. चित्रकाराला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

समोरची भिंत रिकामी होती. “साहेब, एक टोक धरता?” त्यानं विचारलं.

व्यवस्थापक क्षणभर घुटमळले. मग बूट काढून खुर्चीवर चढले आणि दोन्ही हात उंच करून त्यांनी चादरीचं टोक भिंतीला दाबून धरलं. बोटं रंगानं माखली.

“आणखी थोडं वर घ्या,” मास्तर खालून म्हणाले. “मागच्यांना दिसत नाही.”